मधल्या नावाचे वतन

लोणावळ्याहून पुण्याच्या वाटेला लागले, की थोड्याच अंतरावर मळवलीच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांत लेण्यांची काळी मुखे दिसू लागतात; उत्तरेस कार्ले, दक्षिणेस भाजे, आणि कामशेतहून पवन मावळात उतरले म्हणजे बेडसे. या तिन्ही ठिकाणी येणाऱ्याचे लक्ष साहजिकच चैत्याच्या कमानीकडे, स्तंभशीर्षांवरील युगुलांकडे आणि दगडात उतरलेल्या लाकडी बांधणीकडे जाते. परंतु ज्याला मनुष्याच्या नावाचे, आणि त्यातही मधल्या नावाचे, कुतूहल आहे, त्याने खांबांवर, भिंतींवर आणि पाण्याच्या टाक्यांवर ब्राह्मी लिपीत कोरलेल्या त्या लहान लहान ओळींपाशी थांबावे; कारण दान देणाऱ्याने आपली ओळख पुढील पिढ्यांना कशी करून द्यावी, हा प्रश्न येथे दोन सहस्र वर्षांपूर्वी वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या रीतीने सोडविलेला आहे, आणि ती सर्व उत्तरे एकाच तालुक्याच्या हद्दीत शाबूत आहेत.

कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर जो सिंहस्तंभ उभा आहे, तो महारठी अग्निमित्रणक याचे दान होय. आणि हा अग्निमित्रणक स्वतःला गोतीपुत्र म्हणवितो. भाज्याच्या एका टाक्यावर दुसरा महारठी आहे, त्याचे नाव विण्हुदत्त, आणि तो कौशिकीपुत्र आहे. याच काळच्या सातवाहन राजांची नावे शाळेतील मुलेही जाणतात: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. राज्य पित्याकडून पुत्राकडे जात होते, सत्ता पुरुषांच्या हाती होती, आणि तरीही नावात पित्याच्या जागी माता बसलेली आहे. मात्र येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गौतमी, वासिष्ठी, कौशिकी ही त्या स्त्रियांची व्यक्तिनामे नव्हेत. ती त्यांच्या माहेरच्या गोत्रांची नावे आहेत. गौतमीपुत्राच्या मातेचे खरे नाव बलश्री होते, हे आपणांस नाशिकच्या लेण्यातील तिच्याच लेखामुळे कळते, आणि तो लेख कोरविताना तीही आपण राजाची माता आणि राजाची पितामही आहोत, असेच सांगते. एकाहून अधिक राण्या असलेल्या घराण्यात हा पुत्र कोणत्या कुळातून आलेल्या राणीचा, हे नावावरूनच समजावे, अशी ही सोय असावी, असे मानण्यास जागा आहे.

सामान्य दात्यांची रीत निराळी होती. कार्ल्याच्या दाराचे काम करणारा धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार आपण वेणुवासाचा पुत्र असल्याचे नोंदवितो. बेडशास दान देणारा पुष्यणक नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र म्हणून नाव लावतो. यवन दाते बहुधा गावाचे आणि स्वतःचे नाव सांगून थांबतात. नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात तर आधी सासऱ्याचे नाव घेतो आणि मग आपण दिनीकाचा पुत्र आहोत असे सांगतो. ज्या संबंधात प्रतिष्ठा अधिक, तो संबंध आधी. स्त्रियांत भाज्याची बाधा ही एका हालिकाची, म्हणजे नांगर धरणाऱ्याची, पत्नी म्हणून येते. कार्ल्याची भायिला आपल्या महादेवणक नावाच्या मुलाची आई म्हणून येते. आणि बेडशाच्या टाक्यावरील महारठिनी सामडिनिका आपण महाभोजाची कन्या व आपदेवणकाची पत्नी आहोत, असे दोन्ही संबंध एकाच ओळीत कोरविते. माझ्या समजुतीप्रमाणे मावळातील या सर्व नावांत सामडिनिकेचे नाव सर्वांत संपन्न आहे, कारण तिने माहेर आणि सासर यांपैकी एकाचीही खूण पुसू दिलेली नाही.

आज आपण ज्याला मधले नाव म्हणतो, ते या सर्व लेखांत मधले नाहीच. ते स्वतःच्या नावाला जोडून येणारे, मनुष्याचे स्थान निश्चित करणारे दुसरे पद आहे, आणि त्यानंतर कुळाचे वा गावाचे पद आले तर आले. ही गोष्ट महाराष्ट्रात फार काळ टिकली. पुण्याच्या जहागिरीचा कारभार हाती घेतलेल्या शिवाजीराजांच्या संस्कृत मुद्रेत भोसले हे कुळनाम नाही. मुद्रा शहाजीच्या पुत्राची आहे, एवढेच ती सांगते. पेशव्यांच्या नामावळीत तर ही पद्धत एखाद्या साखळीसारखी स्पष्ट दिसते: बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव बल्लाळ, त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव, आणि त्यांचे पुत्र माधवराव बल्लाळ. बल्लाळ म्हणजे बाळाजीच. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या घरगुती रूढीमुळे एकच नाव एका पिढीत पहिले होते, पुढच्या पिढीत दुसरे होते आणि मग पुन्हा पहिले. त्यामुळे इतिहास वाचणाऱ्याला बाळाजी कोणता, हे केवळ पुढच्या पदावरून ओळखावे लागते. पेशव्यांचे भट हे आडनाव त्यांच्या मुद्रांवर नसले, तरी कोणाचे काही अडत नव्हते.

दफ्तरातही हाच शिरस्ता होता. वतनाचा तंटा उपस्थित झाला, गोतसभा बसली आणि महजर लिहिला गेला, म्हणजे त्यावर साक्ष घालणाऱ्या पाटलांची, चौगुल्यांची, बलुतेदारांची नावे येत, आणि प्रत्येकाच्या नावापुढे ‘बिन’ हा फारसी दफ्तरातून आलेला अरबी शब्द घालून बापाचे नाव लिहिले जाई. काही कागदांत त्याऐवजी ‘वलद’ येतो. ब्राह्मणांच्या नावात बहुधा असा दुवा न घालता नुसतेच पित्याचे नाव जोडीत. स्त्रियांच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘मर्द’ लिहून नवऱ्याचे नाव देत. मावळच्या जुन्या जमीनदफ्तरांत ‘बिन’ आणि ‘कोम’ अद्याप वाचावयास मिळतात, आणि ज्या घराण्यांत मोडी वाचणारा कोणी उरलेला नाही, त्यांनाही हे दोन शब्द आजोबांच्या तोंडून ऐकून ठाऊक असतात. कारण जमिनीचा हक्क त्यांच्या आधाराने चालत आलेला आहे. देवघराच्या खालच्या पेटीत जपलेले ते जीर्ण कागद म्हणजे मधल्या नावांची वंशावळच होय. एकाच गावात निम्मी घरे एकाच आडनावाची असताना आणि ज्ञानोबा, तुकाराम, विठोबा ही नावे प्रत्येक वाड्यात असताना, अमुक शेत कोणाचे हे सांगावयाचे, तर बापाच्या नावावाचून गत्यंतर नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या मुंबईत हेच घडत होते. दादोबा पांडुरंग, आत्माराम पांडुरंग, सखाराम अर्जुन ही त्या काळच्या नामवंतांची नावे त्यांच्या समकालीनांना पूर्ण वाटत. तर्खडकर किंवा राऊत हे पुरवणी म्हणून मागाहून लागे. १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दाखल झालेला आणि साऱ्या देशाने चर्चिलेला तो सुप्रसिद्ध खटला कायद्याच्या ग्रंथांत ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ याच नावाने आहे: फिर्यादीला पित्याचे नाव आहे, आडनाव नाही, आणि ज्या स्त्रीने नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले, तिच्या नावाला तर कोणत्याच पुरुषाचे नाव जोडलेले नाही. पुढे डॉक्टर होऊन आयुष्यभर रुग्णसेवा करणाऱ्या त्या स्त्रीला सर्वजण डॉ. रखमाबाई एवढ्याच नावाने ओळखीत राहिले. शाळेचे पट, जनगणना, आगगाडीच्या व गिरण्यांच्या नोकऱ्या, सनदी परीक्षा यांचा पसारा वाढला, तसतसे तिसरे पद अनिवार्य झाले, आणि पित्याचे नाव शेवटच्या जागेवरून सरकून मधोमध आले. लोणावळ्यास वळवणच्या जलाशयाशी ज्यांच्या घराण्याचे नाव जोडलेले आहे, ते जमशेटजी नसरवानजी टाटा हेही याच परंपरेतले; पारशी, गुजराती आणि मराठी या तिन्ही समाजांनी मुंबई इलाख्यात पित्याच्या नावाची जागा सारखीच राखली. दक्षिणेत पित्याचे नाव आद्याक्षर होऊन पुढे जाऊन बसले, रशियात ते आजही मधोमध आहे, आइसलँडमध्ये ते शेवटी आहे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज वळणाने मातेच्या घराण्याचे आडनावही नावात स्थान मिळविते. इंग्रज-अमेरिकनांत मधले नाव बहुधा निवडीचे असते, कधी एखाद्या पूर्वजाच्या सन्मानार्थ दिलेले, जसे जॉन क्विन्सी ॲडम्स यांचे क्विन्सी हे त्यांच्या आईच्या आजोबांवरून आलेले. आपल्याकडे निवड पहिल्या नावाची. मधले नाव जन्मतःच ठरलेले असते.

मराठी साहित्याने या ठरलेल्या नावावर अकृत्रिम प्रेम केले आहे. पु. ल., ग. दि. मा., चिं. वि. ही संबोधने वाचकाच्या जिव्हाळ्याची झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर लक्ष्मण, दिगंबर आणि विनायक हे पितेही त्या जिव्हाळ्यात अलगद येऊन बसले. तळेगाव दाभाडे येथे वास्तव्य करून ज्यांनी मावळची माती, तेथील गडकिल्ले आणि तेथील बोली यांना कादंबरीत स्थान दिले, ते गोपाळ नीलकंठ दांडेकर वाचकांचे ‘गोनीदा’ झाले. तीन अक्षरांच्या त्या लाडक्या नावातले मधले अक्षर पित्याचे आहे. त्याच तळेगावात ज्यांनी बंगला घेतला, त्या डॉ. आंबेडकरांनी संविधानावर केलेल्या स्वाक्षरीत रामजी हे नाव आहे, आणि २०१८ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने आपल्या कागदोपत्री त्यांचे नाव लिहिताना भीमराव रामजी आंबेडकर असे लिहावे, असा आदेश काढला, तेव्हा महाराष्ट्राबाहेरील अनेकांना या मधल्या नावाचे नवल वाटले. मराठी माणसाला ते वाटण्याचे कारण नव्हते. शिक्षणासाठी धडपडणारा, मुलाच्या पुस्तकांसाठी दागिने गहाण टाकणारा सुभेदार पिता त्या नावात आहे.

आता या ठरलेल्या नावाच्या आतल्या कथा. पित्याचे नाव पित्याला कोणी आणि कशासाठी दिले, हे शोधू लागले म्हणजे प्रत्येक घराच्या मधल्या नावाखाली एक प्रसंग दडलेला असतो. मावळच्या खेड्यांत आज पन्नाशी-साठीच्या माणसांच्या मधल्या नावात धोंडू, दगडू, भिकू, भिकाजी ही नावे वारंवार येतात. आधीची मुले जगली नाहीत, म्हणजे पुढच्या मुलाला काळाची दृष्ट लागू नये, त्याचा लोभ कोणाला होऊ नये, म्हणून त्याला धोंडा म्हणावयाचे, दगड म्हणावयाचे, अथवा त्याला कोणाच्या तरी पदरात टाकून भीक म्हणून परत घ्यावयाचे, अशी समजूत सर्वत्र होती. गोनीदांनी आपल्या मावळी कादंबरीच्या नायकाला धोंडी हे नाव दिले, ते या मुलखाच्या चालीला धरूनच होते. ज्या आईने ते नाव ठेवले, तिच्या पोटची दोन-तीन मुले देवीच्या साथीत वा तापात गेलेली असत. तिचे स्वतःचे नाव कोणत्याही दफ्तरात राहिलेले नसेल, पण तिचे ते दुःख आणि ती भीती नातवाच्या नावात, नेमकी मधोमध, राहिलेली आहे. नातू अभियंता होऊन पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात जातो, त्याचे नाव आधुनिक असते, आणि मधले नाव दगडू असते. काही तरुण अशा वेळी ते नाव आद्याक्षरावर आणून ठेवतात, हे मी पाहिले आहे, आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. तथापि, ते नाव कोणत्या मुलाच्या वाचण्याच्या आनंदातून आले, हे त्यांना घरातील वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेले असते, तर त्यांनी ते पूर्ण लिहिले असते, असेही मला मनापासून वाटते.

नवसाच्या नावांची दुसरी एक परंपरा आहे. कार्ल्याची एकवीरा, गावोगावचे भैरवनाथ, जेजुरीचा खंडोबा यांना बोललेला नवस फेडताना मुलाला त्या दैवताचे नाव द्यावयाचे. मग खंडू, मल्हारी, भैरू ही नावे पुढच्या पिढीत मधली होतात. तिसरी परंपरा आजोबांच्या नावाची, जी पेशव्यांत आपण पाहिली. तिच्यामुळे घरात एक अडचण निर्माण होई. सासऱ्याचे नाव सुनेने घ्यावयाचे नाही, आणि मुलाला तर तेच नाव ठेवलेले; मग आई आपल्या मुलाला बाळ, बापू, नाना, आबा, अप्पा अशा दुसऱ्याच नावाने हाक मारी, आणि ते नाव आयुष्यभर चिकटे. पाळण्यातले नाव एक, हाकेचे नाव दुसरे, शाळेत मास्तरांनी लिहिलेले तिसरे. जमिनीच्या कागदावर रामू, शाळेच्या दाखल्यावर रामचंद्र, मतदारयादीत रामभाऊ असा एकच इसम तीन रूपांत वावरू लागतो, आणि त्याच्या मुलांच्या मधल्या नावांत ही तिन्ही रूपे वाटली जातात. थोरल्याचे मधले नाव रामू, धाकट्याचे रामचंद्र, आणि हे दोघे सख्खे भाऊ आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, नाहीतर शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात. ज्या सासुरवाशिणीने आदरापोटी एक नाव उच्चारले नाही, तिच्या मौनाचा परिणाम नातवंडांच्या दस्तऐवजांपर्यंत असा पोहोचतो.

उच्चार निषिद्ध आणि लेखन अनिवार्य, ही अवस्था विवाहित स्त्रीच्या मधल्या नावात तर शिगेला पोहोचली. विवाहात नवऱ्या मुलाने तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहावयाचे, ही चाल महाराष्ट्रात घरोघरी होती. माहेरचे पहिले नाव त्या तांदळांत संपले, पित्याचे मधले नाव संपले, आडनाव संपले. तिन्ही पदे नवी झाली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई माहेरी यमुना होत्या, आणि १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई गोपाळ जोशी याही माहेरी यमुनाच. एका पिढीतील दोन असामान्य स्त्रियांचे माहेरचे नाव आज फक्त चरित्र वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. स्त्रीच्या नावाच्या मध्यभागी जो पुरुष येऊन बसला, त्याचे नाव तिने जन्मभर तोंडाने घ्यावयाचे नाही, ‘अहो’ म्हणावयाचे, ‘इकडे’ म्हणावयाचे, अगदीच गरज पडली तर मुलाच्या नावाने ‘अमक्याचे बाबा’ म्हणावयाचे. त्या नावाचा उच्चार करण्यास मुभा असे, ती मंगल प्रसंगी यमक जुळवून उखाणा घेताना. आपल्या स्वतःच्या नावाचा मधला भाग उच्चारण्यासाठी स्त्रीला काव्य रचावे लागले, यातील सौंदर्य आणि यातील अन्याय ही दोन्ही मला सारखीच जाणवतात, आणि एकासाठी दुसऱ्याकडे डोळेझाक करणे मला शक्य होत नाही. मावळातल्या आजींना सरकारी दवाखान्यात वा शिधापत्रिकेसाठी कचेरीत पूर्ण नाव विचारले, म्हणजे पुष्कळ वेळा त्या बाजूच्या नातवाकडे पाहतात आणि मधले नाव त्यानेच सांगावे, अशी अपेक्षा करतात.

स्त्रीने विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे, असे कोणताही कायदा म्हणत नाही. ही सर्व रूढीची सत्ता आहे. आज अनेक स्त्रिया जन्मनाव तसेच ठेवतात, आणि काही जणी माहेरचे व सासरचे अशी दोन्ही आडनावे लावतात.

मधले नाव जन्मतः ठरते, हे मी वर म्हटले, त्याला स्त्रीच्या विवाहाखेरीज आणखी अपवाद दोन. पहिला दत्तकविधानाचा. दत्तक गेलेल्या मुलाचे पहिले नाव आणि मधले नाव अशी दोन्ही बदलत, आणि मराठीतील पहिल्या दोन ज्ञानपीठविजेत्या लेखकांच्या बाबतीत हे घडले, हा योगायोग विलक्षण आहे. गणेश आत्माराम खांडेकर हे दत्तकविधानानंतर विष्णू सखाराम झाले, आणि गजानन रंगनाथ शिरवाडकर हे विष्णू वामन झाले. जन्मदात्याचे नाव नावातून जाते आणि पालनकर्त्याचे येते; म्हणजे हे स्थान रक्ताचे असण्यापेक्षा वारशाचे आणि पिंडाच्या अधिकाराचे होते, हे अशा वेळी उघड होते. दुसरा अपवाद विरक्तांचा. लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद पूर्वायुष्यात जगन्नाथ गणेश गुणे होते. स्वामी झालेल्या माणसाच्या नावाला मध्यभाग उरत नाही. संतांनी मात्र ती जागा रिकामी ठेवली नाही. एकनाथांनी आपल्या अभंगांच्या शेवटी पित्याच्या जागी गुरूला बसवून ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा घेतली, ज्ञानदेव निवृत्तिनाथांचे दास म्हणून नाव लावतात, आणि जनाबाई नामदेवांच्या नावाशी आपले नाव बांधते. पोरकी, परघरी राबणारी जनी जेव्हा असे नाव लावते, तेव्हा कोणत्याही वतनदाराच्या ‘बिन’पेक्षा तो संबंध मला अधिक दृढ वाटतो.

या मधल्या जागेचा विचार पुढे शासनानेही केला: मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला, की मुलांची नावे शासकीय दस्तऐवजांत लिहिताना आधी मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठेवावा. तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या मंत्रालयातील दालनाबाहेर एकनाथ गंगुबाई संभाजी शिंदे अशी पाटी लागली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्यानंतरच्या मुख्यमंत्र्यांनी देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस या नावाने शपथ घेतली. यापूर्वी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मातेला मुलाच्या पालकत्वासाठी पित्याचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, असे ठरविले होते. पित्याच्या नावावाचून नाव अपुरे, ही दफ्तराची शेकडो वर्षांची धारणा तेथेच सैल झाली होती. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या राज्यवर्षातील कार्ल्याच्या एका लेखात महारठी सोमदेव संघाला एक गाव दान देताना आपले कूळ ओखळकियांचे, आपला पिता मितदेव आणि आपण वासिष्ठीपुत्र, असे सर्व सांगतो. नव्या निर्णयाने मागितलेली चारही पदे दुसऱ्या शतकातील या मावळी दानलेखात उपस्थित आहेत. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की सोमदेवाच्या आईचे गोत्र तेवढे कोरले गेले, तर आजच्या मुलाच्या दाखल्यावर आईचे स्वतःचे नाव येते.

या निर्णयाने मुलांच्या नावाचा प्रश्न बराच सुटला. विवाहित स्त्रियांच्या नावात नवऱ्याचे नाव लावण्याची रीत मात्र तशीच राहिली. त्याची झळ मावळात इतर तालुक्यांपेक्षा अधिक लागते, कारण द्रुतगती मार्ग झाल्यापासून, आणि पवनेच्या व इंद्रायणीच्या काठी बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहू लागल्यापासून, येथे गुंठ्याला जी किंमत आली, तीमुळे सातबाराच्या प्रत्येक नावाकडे घरातले आणि बाहेरचे डोळे लावून असतात. १९९४ च्या महाराष्ट्राच्या आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलगी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्कदार झाली, आणि पिता त्या दुरुस्तीच्या दिवशी हयात नसला तरी तिचा हक्क अबाधित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. परंतु वारसनोंदीच्या वेळी तिच्या आधारपत्रावर, शिधापत्रिकेवर आणि बँकेच्या पुस्तकावर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव असते, आणि शाळा सोडल्याचा दाखला, असलाच तर, पित्याच्या नावाचा असतो. या दोन स्त्रिया एकच, हे तिला स्वतंत्रपणे शाबीत करावे लागते. भावाला असा पुरावा द्यावा लागत नाही. त्याच्या नावाच्या मध्येच बाप आहे. पुष्कळ ठिकाणी बहिणींचे नाव फेरफारात येते ते हक्कसोडपत्रावर अंगठा उठविण्यापुरतेच, आणि तेथेही तिचे नाव लिहिले जाते ते परक्या घरची स्त्री म्हणून.

शेजारच्या खेड तालुक्यातील आंबेठाणहून शरद जोशी यांनी शेतकरी संघटनेच्या वतीने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा नवऱ्याने आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करावा, अशी ती मागणी होती, आणि अनेक गावांतील शेतकऱ्यांनी ती स्वेच्छेने पाळली. त्याच धर्तीवर वारसनोंदीच्या अर्जात, खरेदीखतात आणि सातबाराच्या भोगवटादाराच्या सदरात विवाहित स्त्रीचे जन्मनाव, तिच्या पित्याच्या आणि मातेच्या नावांसह, नेहमीचे पद म्हणून लिहावे, त्यासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र मागू नये, असे मला आग्रहाने सुचवावयाचे आहे. आणि असा नियम होईपर्यंत मुलगी सासरी जाण्यापूर्वी तिच्या शाळेच्या दाखल्याची, जन्मनोंदीच्या उताऱ्याची आणि विवाहनोंदणीच्या प्रमाणपत्राची एकेक प्रत तिच्याच स्वाधीन करावी, घरच्या पेटीत ठेवू नये.